चित्रांना कशाला पैसे?



यंदाच्या निधिसंकलनाची पहिली मीटिंग मार्चमध्ये लायब्ररीच्या तळघरातल्या हॉलमध्ये झाली. त्या मीटिंगमध्ये आम्ही दोघांनी एक प्रस्ताव मांडला होता. आपलं मंडळ दरवर्षी दुष्काळनिवारण, रुग्णालय, शिष्यवृत्त्या यांना पैसे पाठवतं, तसे ते यंदाही जावेत. पण त्यातला एक लहानसा वाटा पालघर जिल्ह्यातल्या दोन आश्रमशाळांतल्या मुलांसाठी वेगळा काढावा. त्यातून कागद, रंग घ्यावेत आणि वर्षातून एकदा बस करून मुलांना मुंबईला चित्रं बघायला न्यावं.

प्रस्ताव वाचून होतो न होतो तोच मंडळाच्या स्थापनेपासूनचे सभासद असलेले एक काका उभे राहिले. (नाव सांगायची गरज नाही, सगळ्यांना कळलंच असेल!) काका म्हणाले, "अरे, त्या बाजूला एप्रिल उजाडला की बायका डोक्यावरून पाणी आणतात. आणि तुम्ही पोरांना चित्रं दाखवायला नेणार? दुष्काळाचे पैसे रंगात घालणार?"

काही जण हसले. काका हसले नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्हीही नाही. कारण प्रश्न चुकीचा नव्हता. जव्हार-मोखाड्याकडे पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात विहिरी कोरड्या होतात, हे आम्हालाही माहीत होतं. तेव्हा आमच्याकडे धड उत्तर नव्हतं. "कलेनं मन समृद्ध होतं" असं काहीतरी पुटपुटलो आणि समोशांच्या ट्रेकडे वळलो. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा दुसरा प्रयत्न. थोडा लांबला आहे, सांभाळून घ्या.

आधी एक कबुली. चित्रांतलं आम्हाला काहीही कळत नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांप्रमाणे आमचं कलाशिक्षण शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपाशी संपलं. वस्तुचित्रात तांब्या, त्याच्यापुढे दोन केळी, मागे पडदा. स्मरणचित्रात हमखास बाजार नाहीतर बसस्टॉप. पुढे इंजिनियरिंग, नोकरी, व्हिसा, घर. भिंतीवर काय, तर भारतातून आणलेलं कॅलेंडर आणि सोफ्याच्या रंगाला मॅच होणारी एक फ्रेम.

हे बदललं ते आमच्या भाचीमुळे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ती आमच्याकडे राहायला आली होती. कलेचं शिकत होती. नायगरा नको, आउटलेट मॉल नको, "मला गुगनहाइमला न्या, तिथे गायतोंडे लागलेत," हा एकच धोशा. आम्हाला वाटलं, असतील कोणी! पार्किंगच्या पैशांवरून थोडी कुरबुर करून शेवटी एका शनिवारी फिफ्थ अव्हेन्यूला पोचलो.

वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४, नागपूरचा, आईवडील गोव्याकडचे, बालपण गिरगावातल्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले. १९६४ साली रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला येऊन राहून गेले. म्हणजे १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा व्हायच्या आधी, आपल्यातल्या सगळ्यात जुन्या मंडळींच्याही आधी! १९७१ साली पद्मश्री. नंतर दिल्लीला गेले आणि तिथेच २००१ मध्ये वारले. हे सगळं आम्हाला त्या दिवशी, त्या भिंतीवरच्या पाटीवर कळलं. मराठी माणसाबद्दल फिफ्थ अव्हेन्यूवरच्या भिंतीवरून कळावं, याची लाज वाटली ती वेगळीच.

त्या गोल इमारतीच्या मुख्य उतारावर दुसरंच प्रदर्शन होतं, गायतोंडे बाजूच्या दालनांत होते. आत गेलो. मोठमोठे कॅनव्हास. ना माणूस, ना झाड, ना देव. एकात पिवळा-तांबूस रंग, जणू पहाटेच्या धुक्यात कंदील धरलाय, आणि मधे अक्षरांसारखं पण न वाचता येणारं काहीतरी. आम्ही एका मिनिटात दोन दालनं उरकली! मग भाचीनं हात धरून मागे आणलं. म्हणाली, "मामा, मामी, पाच मिनिटं एकाच चित्रासमोर उभे राहा. अर्थ विचारू नका. आणि प्लीज, बोलू नका."

पहिली दोन मिनिटं पाय दुखले. तिसऱ्या मिनिटाला असं दिसलं की पिवळा एक नाहीच. खाली एक थर आहे, त्यावर दुसरा, कुठे तो खरवडलेला, कुठे खालचा उजेड वर आलेला. नदीच्या पाण्यात तळ दिसावा तसं. भाचीनं मग सांगितलं की गायतोंडे ब्रशपेक्षा रोलर आणि रंगाची सुरी जास्त वापरायचे. फाडलेले, कापलेले कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे. त्यातून ते अक्षरांसारखे आकार उमटतात. रंग लावण्याहून जास्त वेळ बघत बसण्यात जायचा. म्हणून वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची. 'अमूर्त' हा शब्द त्यांना आवडत नसे. त्यांच्या लेखी चित्र कशापासून 'काढून घेतलेलं' नसतं, ते स्वतःच एक वस्तू असतं. हे वाक्य आम्हाला तेव्हा कळलं नाही. आता थोडं कळतं. केशराची बर्फी कशाचं चित्र आहे असं आपण विचारतो का? चाखतो. तसंच काहीसं. (उपमा आमची, भाचीला पसंत नाही.)

किमतीचंही सांगून टाकतो, कारण पार्टीत हा विषय काढला की लोक तेवढंच विचारतात. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्टीजनं मुंबईत पहिल्यांदा लिलाव केला, त्यात गायतोंड्यांचं १९७९ चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. त्यातला एक पैसाही त्यांना मिळाला नाही, कारण ते तेव्हा नव्हते. असो.

घरी आल्यावर भूक लागल्यासारखं झालं. मराठीत काही वाचायला मिळतं का बघितलं, तर प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' हातात आलं. बरवे स्वतः फार मोठे चित्रकार, अलिबागजवळच्या नागावचे, १९९५ मध्ये गेले. त्यांच्या चित्रात एखादं पान, घड्याळ, शिंपला असं काहीतरी मोकळ्या जागेत तरंगत असतं आणि त्या दोन वस्तूंमधली रिकामी जागाच बघत राहावी असं वाटतं. त्यांच्या पुस्तकाविषयी इथे फार लिहीत नाही, फक्त एवढंच की चित्राबद्दल इतकं स्वच्छ मराठी लिहिता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं. भारतात जाल तेव्हा शोधा.

आता तिसरी गोष्ट. ही आमच्या जास्त जवळची आहे.

आमचे बाबा ठाण्याला असतात. आमच्या दोघांपैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे, पण हाक दोघांचीही 'बाबा'च. अडतीस वर्षं त्यांनी ठाणे ते व्हीटी लोकलनं नोकरी केली. ऑफिस काळ्या घोड्याजवळ. जहांगीर आर्ट गॅलरी तिथून दोन मिनिटांवर. पावसाळ्यात छत्री विसरली की बाबा जहांगीरच्या दारात आडोशाला उभे राहायचे, पाऊस थांबला की निघायचे. अडतीस वर्षांत एकदाही आत गेले नाहीत. "का हो बाबा?" म्हटलं तर म्हणाले, "तिकीट असेल असं वाटायचं." तिकीट नसतं, हे सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आणि आपण आत जाऊन काय बघणार? ते मोठ्या लोकांचं."

२०१९ च्या डिसेंबरात आम्ही भारतात गेलो तेव्हा मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये सुधीर पटवर्धन यांच्या जन्मभराच्या कामाचं प्रदर्शन चालू होतं. ही गॅलरी रीगल सिनेमाच्या चौकात, जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये. म्हणजे पुन्हा बाबांच्या ऑफिसच्या वाटेवरच. पटवर्धन हे ठाण्याचे डॉक्टर, हे कळल्यावर बाबा यायला तयार झाले. ऐंशीला टेकलेला माणूस, जिने चढताना दोनदा थांबले.

पटवर्धनांची गोष्ट आपल्या डॉक्टर सभासदांनी खास वाचावी. जन्म १९४९, पुण्याचा. आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधून १९७२ साली डॉक्टर झाले. कलाशाळेची पायरी चढले नाहीत. चित्रकला शिकले ती स्वतःची स्वतः. मुंबईला आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केली. दिवसा एक्स-रे बघायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची. कशाची चित्रं? तर लोकलमधल्या माणसांची, इराणी हॉटेलात बसलेल्यांची, रेल्वेच्या पुलावर उभ्या असलेल्यांची, बांधकामावरच्या मजुरांची. 'इराणी रेस्टॉरंट' १९७७ चं, 'ट्रेन' १९८० चं, 'लोअर परळ' २००१ चं. गिरण्या गेल्या, टॉवर आले, आणि मधे अडकलेली माणसं. आपण मुंबई सोडली त्यानंतर तिथे काय काय झालं, ते कोणी सलग पाहून ठेवलं असेल तर ते या माणसानं.

त्यांच्या चित्रातली माणसं सुंदर नाहीत. दमलेली आहेत. खांदे उतरलेले, हात मोठे, पोट जरा सुटलेलं. पण त्यांना वजन आहे. दिवसभर माणसांच्या शरीरात डोकावणाऱ्यानं काढलेली आहेत हे जाणवतं. आणि शहर काढताना ते एक युक्ती करतात. एकाच चित्रात तुम्ही एका गल्लीत वरून डोकावता, पलीकडच्या इमारतीकडे खालून मान वर करून बघता आणि तिसरीकडे समोरून चालत येता. फोटोत असं होत नाही. पण रोज तोच रस्ता तुडवणाऱ्याच्या डोक्यात शहर असंच साठलेलं असतं ना!

बाबा सुरुवातीला पाट्या वाचत होते. मग एका चित्रासमोर थांबले. रस्त्यावरची गर्दी, त्यात एक पन्नाशीचा माणूस, शर्ट बाहेर, कुठेच न बघणारा. आम्ही पुढच्या दालनात जाऊन परत आलो तरी बाबा तिथेच. म्हणाले, "हा माणूस मी बघितलाय." मग जरा वेळानं, "मीच असेन." हसून म्हणाले, पण चष्मा काढून पुसला.

तिथून बाहेर पडल्यावर बाबांनी स्वतःहून विचारलं, "जहांगीर उघडी असेल का रे आत्ता?" होती. गेलो. कोणा तरुण मुलाचं प्रदर्शन होतं, आम्हाला तितकंसं आवडलं नाही, बाबांना तर मुळीच नाही. "याच्यापेक्षा आपले डॉक्टर बरे," म्हणाले. पण आत गेले! दारात उभे राहिले नाहीत.

पटवर्धनांना या गोष्टीची आयुष्यभर टोचणी आहे, असं त्यांच्याबद्दल वाचताना दिसतं: ज्यांची चित्रं आपण काढतो, ते ती बघायला येतच नाहीत. नुसती टोचणी ठेवून ते बसले नाहीत. २००८-०९ च्या सुमारास 'विस्तारणारी क्षितिजे' या नावानं समकालीन भारतीय चित्रकारांच्या चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन त्यांनी मुंबईबाहेर महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवलं. माणसं चित्रांकडे येत नसतील तर चित्रं माणसांकडे न्यायची. आमच्या प्रस्तावातली बस ही त्याचीच उलट्या दिशेनं काढलेली नक्कल आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आता पालघरच का? इथे आपल्या मंडळाला थोडा चिमटा काढावा लागेल. जुन्या स्मरणिका काढून बघा. कित्येक वर्षं आपल्या पानांच्या कडेनं वारली माणसं नाचतायत. आपल्या घरातल्या मगांवर, कुर्त्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर तीच. ती चित्रं कोणाची, असं आपण कधी विचारलं नाही. कुठूनतरी कॉपी केली, चिकटवली. आम्हीही केली, २००९ च्या अंकाची मांडणी आमचीच होती.

वारल्यांच्या घरी ही चित्रं मुळात लग्नात निघतात. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं, सवाशिणी चौक काढतात, त्यात पालघट देवी. टोक चावून कुंचला केलेली बांबूची काडी हा ब्रश. लग्न झालं की काम संपलं, चित्र भिंतीबरोबर झिजत जातं. कागदावर ही चित्रं आली ती १९७० नंतरच्या काही वर्षांत. भास्कर कुलकर्णी नावाचे एक चित्रकार सरकारी हस्तकला खात्याच्या कामानं डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर हिंडत होते, त्यांनी कागद आणि रंग वाटले. त्यात जिव्या सोमा म्हशे पुढे आले. पुरुष असून ते रोज चित्रं काढायचे, लग्न असो नसो. लहानपणी आई गेल्याच्या धक्क्यानं त्यांचं बोलणं बंद झालं होतं आणि ते मातीत रेघा ओढून आपलं म्हणणं सांगायचे, अशी त्यांची हकिगत सांगतात. त्यांची चित्रं १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेली, २००३ साली जर्मनीत रिचर्ड लाँग या इंग्रज कलाकाराच्या कामाशेजारी लागली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र कुठे छापलेलं मिळालं तर भिंग घेऊन बघा. अख्खा कागदभर एकच जाळं, केसाइतक्या बारीक हजारो रेघा, आणि जाळं हलतंय असं वाटतं. मगावरच्या नक्षीत आणि त्यात जो फरक आहे तो रेकॉर्ड केलेल्या आरतीत आणि समोर बसून ऐकलेल्या गाण्यात असतो तेवढा आहे.

सगळं गोडच झालं असं नाही. बाजार आला तसे दलाल आले. एकाच चित्राच्या शंभर नकला निघाल्या. ज्या बायकांनी ही कला सांभाळली त्यांची नावं पुरुषांइतकी पुढे आली नाहीत. पण आज त्या पाड्यांवर चित्रांवर घर चालवणारी माणसं आहेत, आणि गंजाडचे राजेश वांगड यांच्यासारखे चित्रकार २०१३ पासून गौरी गिल या छायाचित्रकर्तीच्या फोटोंवर आपल्या रेघा काढून गावात काय काय होऊन गेलं ते सांगतायत. फोटोत नुसता ओसाड डोंगर दिसतो. वांगडांची रेघ त्यावर तुटलेली झाडं, पळणारी माणसं, जुने देव असं सगळं परत आणून ठेवते.

हे सगळं वाचत असताना आम्हाला काकांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, आणि तेही थेट दुष्काळातच सापडलं. वारल्यांकडे येण्याआधी हेच भास्कर कुलकर्णी बिहारमध्ये होते. १९६६-६७ साली तिथे भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय हस्तकला मंडळानं त्यांना मधुबनीला पाठवलं. कशाला? तर बायकांना कागद द्यायला! त्या बायका लग्नघराच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या चित्रं काढत होत्या, वारल्यांसारख्याच. शेतात पीक नव्हतं, हातात कला होती, भिंत विकता येत नव्हती. कागद विकता येत होता. सुरुवातीला फार थोड्या जणी तयार झाल्या. पण चित्रं दिल्लीला गेली, विकली गेली, पैसे घरी आले. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं त्यातूनच आली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. जगभर आज ज्याला आपण मधुबनी म्हणून ओळखतो ते कागदावरचं चित्र म्हणजे दुष्काळाचंच काम आहे.

तर काका, धान्य आणि पाणी आधी, यात वाद नाही. तो वाटा आम्ही कमी केलेला नाही; प्रस्ताव पुन्हा वाचून पाहा. फक्त दुष्काळात एका मराठी माणसानं ट्रंकेतून कागद नेले होते, एवढं ध्यानात असू द्या.

आता कामाचं. कार्यक्रमाच्या संध्याकाळी चहाच्या टेबलाच्या उजवीकडे वारली चित्रकारांनी स्वतः काढलेली, मागे त्यांची सही असलेली चित्रं मांडलेली असतील. प्रिंट नाहीत. चित्राची किंमत चित्रकारांना आम्ही आधीच पूर्ण दिलेली आहे. बोलीत वर जे येईल ते शाळांच्या खात्यात. प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचं नाव आणि पाड्याचं नाव लिहिलंय. घरी नेलंत तर तो कागद फ्रेमच्या मागेच चिकटवून ठेवा, फेकू नका. ज्यांना बोली लावायची नाही त्यांनी एका चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहावं. भाचीचा नियम लागू: बोलायचं नाही. पलीकडे बटाटेवडे तळत असतील, तरीही नाही.

मुलांची पहिली सहल जहांगीर आणि रीगलजवळच्या गॅलरीची. बाबांची पंचाऐंशी केव्हाच उलटली. ते फोनवर म्हणाले, तब्येत साथ देत असेल तर रिक्षा-लोकल करून दारात येऊन उभे राहतील. कशाला, तर मुलांना सांगायला की तिकीट नसतं.

हा लेख छापायला देण्याआधी काकांना वाचायला पाठवला होता. दोन दिवस काहीच उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एका ओळीचा ईमेल आला: "बसच्या भाड्याचं कोटेशन दोन ठिकाणांहून मागवलंत का?"

मागवलंय, काका.